हळदीचा कागद आणि चार पानं

शिक्षकांसमोर अध्यक्ष म्हणून बोलायची संधी एकदाच मिळते. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

इथली चिकलठाणा वेधशाळा साऱ्या शहराचा पारा सांगते. पण तिच्या शेजारच्या शाळेतल्या गुरुजींना हवामानाचा पाठ कसा असावा हे कुणी विचारत नाही. त्यांनी प्रशिक्षणाला यायचं, हजेरीवर सही करायची, पडद्याकडे बघायचं आणि संध्याकाळी लिंक भरायची.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतल्या एका मुलीनं हळदीच्या कागदावर लिंबाचा थेंब टाकला. रंग बदलला नाही. तिनं वहीत लिहिलं, ‘लिंबू पाण्यासारखंच आहे.’ मुलीची चूक नव्हती. हळद आम्लारीनं लाल होते, आम्लात पिवळीच राहते. मग मी तो कागद आधी साबणाच्या पाण्यात बुडवून लाल केला आणि त्यावर लिंबू पिळलं. लाल डागात पिवळा ठिपका उमटला, तशी ती मुलगी बाकावरून उठून टेबलाशी आली. हे सुचायला मला दोन तासिका लागल्या. तेवढ्यात मी जे शिकलो, ते दहा प्रशिक्षणांत शिकलो नव्हतो.

पुढच्या प्रशिक्षणात हे सांगायला उभा राहिलो. ‘सर, प्रश्न शेवटी.’ शेवटी चहा आला आणि सगळे उठले. मग चार पानं लिहून रीतसर पाठवली. साधी पोचसुद्धा आली नाही. त्याचं दुःख मला आजही आहे, आणि ते मी लपवणार नाही. ज्या राज्यात शिक्षकाच्या चार पानांना पोच मिळत नाही, तिथं विज्ञान दिनाच्या रांगोळ्या कशाला काढायच्या?

काही मंडळी म्हणतात, अभ्यासक्रमाच्या समित्यांवर शिक्षक असतातच की. असतात! मसुदा पक्का झाल्यावर बोलावलेले. आपले जे सहकारी तिथं गेले त्यांना मी दोष देत नाही, ते एकटे पडले. पण खडू खाली ठेवून वीस वर्षं झालेली माणसं ‘शिक्षकांची कुवत नाही’ म्हणतात, आणि त्यातली एक-दोन आज पहिल्या रांगेत आहेत, त्यांना मी विचारतो : तुम्ही शेवटची वही कधी तपासलीत?

कुवत? 1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातले शिक्षक महिन्याच्या बैठकीत वर्गातले अनुभव मांडत आणि त्यातून ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकं सुधारली जात. ते काम तीस वर्षं चाललं, 2002 मध्ये तिथल्या सरकारनं बंद केलं. आपल्या जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची माणसं सत्तरच्या दशकात गेली, ग्रामीण शिक्षकांबरोबर बसली. मुलं अडतात ती पुस्तकाच्या भाषेपाशी, हे त्या केंद्राचे डॉ. वि. गो. कुलकर्णी आयुष्यभर सांगत राहिले. वर्गात उभं राहणाऱ्याला ते रोज दिसतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. माझी मागणी एवढीच : त्यातले निम्मे तास पाठ लिहिण्याचे, वर्गात तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे धरा. शिक्षक पाठ घडवतो, तेव्हाच तो घडतो.

सरकार ऐकेपर्यंत आपण थांबायचं नाही. येत्या रविवारी दहा वाजता याच सभागृहात या. मुलांच्या वह्या आणा, चुकलेली पानं दुमडून आणा. लिंबू, साबण आणि हळदीचे कागद मी आणतो.