सायकलची बैठक आणि गुडघ्याचे आरोग्य

(नागपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने सायकलवरून बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा पराक्रमामागे जिद्द आणि सराव असतो, हे सर्वविदित आहे. परंतु बैठकीची उंची चुकली, तर जिद्द असूनही गुडघा साथ सोडू शकतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

मिनिटाला ७० फेऱ्या धरल्या, तर तासाभरात प्रत्येक गुडघा ४,२०० वेळा वाकतो. बैठक फार खाली असल्यास तो प्रत्येक वेळी प्रमाणाबाहेर दुमडतो आणि वाटीच्या पुढील भागात दुखू लागते. ती फार वर असल्यास पाय ताणला जातो, कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि गुडघ्यामागे वेदना होतात.

बसल्या जागी दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः बैठकीचे माप जमिनीवरून नव्हे, तर पायडलवरून घ्यावयाचे असते. नेहमीची पादत्राणे घालून, भिंतीचा आधार घेऊन बसावे. एक पायडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवावी. कंबर न कलता पाय जेमतेम सरळ झाला, की उंची योग्य समजावी. मग चवडा पायडलवर ठेवला असता गुडघा किंचित, म्हणजे सुमारे २५ ते ३५ अंशांत, वाकलेला राहतो.

शर्यतीच्या सायकलीसाठी आणखी एक हिशेब प्रचलित आहे. अनवाणी उभे राहून, दोन्ही पायांमध्ये एक पुस्तक वर दाबून धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. त्यास ०.८८३ ने गुणावे. अंतर ८० सेंटिमीटर असेल, तर पायडलच्या मधल्या आसापासून बैठकीच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर उंची येते. हा केवळ आरंभ होय. त्यानंतर एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा अधिक बदल करू नये व काही दिवस चालवून पाहावे. बैठकीच्या दांडीवरील मर्यादेची खूण चौकटीबाहेर दिसता कामा नये.

हा विषय केवळ शर्यतपटूंचा नाही. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. आठवीत बसवलेली बैठक बारावीपर्यंत तशीच राहिली, तर वाढत्या उंचीचा भार गुडघ्यांवर पडतो आणि मुलगी लवकर थकते. नवशिक्या मुलीची बैठक प्रथम थोडी खाली ठेवावी. थांबताना बैठकीवरून पुढे उतरण्याची सवय झाली, की ती योग्य उंचीवर न्यावी.

यासाठी शाळेत एक पाना ठेवला, सायकलवाटपाच्या दिवशी प्रत्येकीचे माप घेतले आणि प्रत्येक सत्रारंभी ते पुन्हा तपासले, तरी पुष्कळ साधेल. या कामास स्वतंत्र अनुदानाची गरज नाही. एका शिक्षकाची दहा मिनिटे पुरेशी आहेत.