पोराने काही गिळले तर



आज आम्ही एक जिवावरची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या गल्लीतले तीन वर्षांचे पोर खेळता खेळता गप्प झाले. तोंडातून लाळ गळू लागली. पाणीसुद्धा गिळेना. आजी म्हणाली, "रुपया गिळला असंल. केळं चारा, खाली जाईल." आम्हीही "चारा" म्हणालो. शाळेत उभे आयुष्य गेले, पण आमची ती चूकच झाली. पोराने केळे ओकून टाकले.

मग त्याला कोल्हापूरला दवाखान्यात नेले. तिथे एक्स-रे काढला. हे किरण जर्मनीतल्या राँटजेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९५ साली शोधले. ते मांसातून पार जातात, पण धातूला अडतात. म्हणून फोटोत धातू पांढरा दिसतो.

फोटो दोन काढले. एक समोरून, एक बाजूने. मानेत पुढे श्वासाची नळी असते, मागे अन्नाची. वस्तू कोणत्या नळीत आहे, ते बाजूच्या फोटोत कळते.

फोटोत पांढरी चकती दिसली. आम्ही म्हणालो, "रुपयाच!" डॉक्टरांनी चकतीची कड निरखली. कडेला एकात एक अशी दोन वर्तुळे होती. ते नाणे नव्हते. खेळण्यातला बटणाएवढा सेल होता! असा सेल ओल्या नळीत अडकला, की दोन तासांतही आतून भाजू लागतो. डॉक्टरांनी घशातून दुर्बिणीची नळी घालून तो लगेच काढला. पोर वाचले, पण बरेच दिवस दवाखान्यात राहिले.

मात्र एक्स-रेत सगळेच दिसत नाही. माशाचा काटा, लाकूड, प्लॅस्टिक पुष्कळदा दिसत नाही. मटणाचे बारीक हाडही कधी चुकते. तेव्हा फोटो स्वच्छ आला, तरी गिळताना दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. ते सीटी स्कॅन करतात, नाहीतर दुर्बिणीने आत बघतात.

तर मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. घशात बोट घालू नका. केळे, भाकरी, भात चारू नका. उलटी करवू नका. काय गिळले आणि कधी, ते डॉक्टरांना सांगा. तसलीच दुसरी वस्तू घरात असेल, तर सोबत न्या. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, आहे. श्वास अडत असेल, तर लगेच १०८ नंबरला फोन करा.

आणि घरी गेल्यावर पोरांची खेळणी तपासा. सेलचे झाकण सैल असेल, तर आजच घट्ट करा.