मेलबर्नला जाताना

मंडळी, मुलाकडे मेलबर्नला जायचे म्हणता? तर तयारी घरूनच करा. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मगच तिकीट. तिकडे जून ते ऑगस्ट हिवाळा असतो, स्वेटर घ्या.

आता मुख्य गोष्ट ऐका. नातवंडांसाठी खाऊ न्यावासा वाटतोच. पण बाहेरची कीड तिथल्या शेतीला लागू नये, म्हणून विमानतळावर सामान तपासतात. ताजी फळे नि बियाणे नेऊ नका. लाडू, लोणचे, मसाला जे काही न्याल, ते फॉर्मवर खरे सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतील. त्याचा दंड नाही. लपवलीत तर दंड मोठा, व्हिसाही जाऊ शकतो.

शेजारी बसलेला म्हणेल, "‘नाही’वर खूण करून टाका." तसे करू नका. सही तुमची, जबाबदारी तुमची. आधी वाचा, मगच सही करा.