आपलें रोजचें ताट
(महोत्सवाच्या सायंसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत आमच्याकडून धर्मबोधाची अपेक्षा असणार. परंतु आज आम्ही ताटाविषयीं बोलणार आहों. घरें आशीर्वादावयास जातां कोनाड्यांत गोळ्यांच्या डब्या आम्हांस वारंवार दिसूं लागल्या आहेत. शेतांत राबणारा, अंगानें किडकिडीत मनुष्यही सांगतो, "फादर, मला शुगर निघाली." मधुमेह हा श्रीमंतांचा, लठ्ठ व बैठ्या माणसांचा रोग, अशी आपली समजूत, आमचीही तीच होती.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें ती समजूत ढासळली. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ सालीं त्यांनीं गरोदर मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बाळांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५ किलो भरलें. आपल्या बाळांचे स्नायू लहान. चरबी मात्र त्या मानानें घटलेली नव्हती. म्हणून सडपातळ देहावर विसंबून राहतां येत नाहीं.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणींत शंभर प्रौढांमागें ११.४ जणांस मधुमेह, तर १५.३ जण त्याच्या उंबरठ्यावर आढळले. उंबरठ्यावरून मागें फिरतां येतें. आहार व चालणें सुधारल्यानें अशा माणसांतील नवे रुग्ण चतुर्थांशाहून अधिक घटले, हें चेन्नईच्या २००६ सालच्या प्रयोगानें दाखविलें.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत ज्वारीच्या शेतांत सोयाबीन आलें, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि न्याहारीची भाकर जाऊन चहा-बिस्किट आलें. पोळी म्हणजे विष नव्हे, आणि भाकरी म्हणजे औषध नव्हे. पोटभर पांच भाकरी खाल्ल्या तरी साखर वाढणारच. प्रश्न ताटांतील वाटणीचा आहे. अर्धें ताट मेथी, अंबाडी, वांगीं, शेवग्याच्या शेंगा अशा भाज्यांचें. पाव भाग वरण, उसळ किंवा अंड्याचा. उरलेला पाव भाग भाकरीचा अथवा भाताचा असावा.

आतां चहा. कपांत दोन चमचे साखर म्हणजे सुमारें ८ ते १० ग्रॅम. चार कपांत ४० पर्यंत मजल जाते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें दिवसभरांत सुमारें २५ ग्रॅमच्या आंत राहणें उत्तम.

येथें आमची कबुली ऐका. यजमानाचें मन मोडूं नये म्हणून आम्ही दहा घरीं दहा कप घेत आलों. गेल्या वर्षीं उपाशीपोटीं आमच्या रक्तांत ११६ मिलिग्रॅम साखर निघाली. १०० ते १२५ हाच तो उंबरठा! तेव्हां विनंती कीं, यापुढें आम्हांस बिनसाखरेचा चहा द्या. तुमचें आतिथ्य साखरेंत नाहीं, तें आम्ही जाणतों. रविवारच्या मिस्सेनंतरही बिस्किटांऐवजीं फुटाणे व ताक ठेवूं. आजच्या महाभोजनांत ज्वारीची भाकर आहे आणि गोड पदार्थ एकच आहे. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींस त्याबद्दल दोष देऊं नका, तो आमचा आग्रह होता.

तीस वर्षांवरील प्रत्येकानें रक्त तपासून घ्यावें. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. ज्यांस औषध चालू आहे, त्यांनीं हें भाषण ऐकून तें सोडूं नये, आणि प्रायश्चित्तकाळांतील उपवास डॉक्टरांस विचारूनच करावा. ज्यांस उपवास झेपत नाहीं, त्यांनीं चहांतील साखर सोडावी. तोही त्यागच आहे.

प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण रोज भाकर मागतों, आणि तीही त्या दिवसापुरती. जितकी मागतों, तितकीच ताटांत वाढून घेऊं या. पुढील महोत्सवास आज येथें बसलेले अधिकांत अधिक जण आपल्या पायांनीं चालत येवोत, हाच आमचा आशीर्वाद.