अँजेलो द फोन्सेका यांची मरिया

नाताळ जवळ आला की आपल्या शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत गव्हाणीतल्या बाळ येशूची चित्रे दिसू लागतात. बहुतेक चित्रांतली मरिया गोरीपान, निळ्या झग्यातली. हे रूप युरोपातल्या चित्रकारांनी घडवले आणि छापील चित्रांनी घरोघरी पोहोचवले. त्यांच्यातही एखादा हट्टी निघे. विल्यम होल्मन हंट हा इंग्रज चित्रकार बायबलमधले प्रसंग खऱ्या भूमीवरच रंगवायचे म्हणून 1854 साली थेट मृत समुद्राच्या काठी जाऊन बसला. पापाचा भार वाहणारा बोकड त्याने तिथल्या खारट चिखलात उभा केला.

अँजेलो द फोन्सेका यांनी उलटी वाट धरली. त्यांनी मरियेलाच आपल्याकडे आणले.

फोन्सेकांचा जन्म 1902 सालचा, गोव्यातल्या सांत इस्तेव बेटावरचा. घरचे कॅथलिक आणि खाऊनपिऊन सुखी. मुंबईला ते डॉक्टर व्हायला गेले, पण मन रमेना. मग जे. जे. कला महाविद्यालयात दाखल झाले. तिथले साहेबी वळणाचे शिक्षणही त्यांना मानवले नाही, तेव्हा थेट बंगाल गाठला. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे त्यांचा हात घडला.

तिथे त्यांनी 'वॉश'ची पद्धत उचलली. कागदावर पातळ जलरंग द्यायचा, तो वाळला की कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा रंग, पुन्हा पाणी. जास्तीचा रंग धुऊन जातो आणि उरलेला कागदात मुरतो. कडा विरघळतात, उजेड आतून आल्यासारखा वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी चित्रकार कलकत्त्याला आले होते, त्यांच्याकडून अवनींद्रनाथांनी ही युक्ती घेतली होती. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, म्हणून तुम्हीच डोळ्यांपुढे आणा: सावळी, साडी नेसलेली मरिया, पावले अनवाणी, आणि समोर निरोप घेऊन आलेला देवदूत.

गोव्यात परतल्यावर या चित्रांवरून कुरबुर झाली. देवाची आई साडीत कशी? मला हा आक्षेप मोठा गमतीचा वाटतो. इटलीच्या चित्रकारांनी तिला इटालियन बाईसारखे सजवले, तिच्यामागे आपल्याच गावच्या टेकड्या काढल्या, तेव्हा कुणाची श्रद्धा ढळली नव्हती. नाझरेथ गावच्या सुताराची बायको फ्लॉरेन्सच्या रेशमात वावरत असेल काय?

शेवटी फोन्सेका पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहू लागले. आता धागा आपल्या नाशिकशी येऊन जुळतो. हा आश्रम काढणारे जॅक विन्स्लो हे इंग्रज पाद्री. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले. ते टिळक नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे शिकले, आणि त्यांच्या लक्ष्मीबाई तर इथल्या जलालपूरच्या. टिळकांनी ख्रिस्ताला अभंग-ओवीत बसवले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टिळक 1919 मध्ये गेले, म्हणजे फोन्सेकांशी भेटीचा प्रश्नच नव्हता. तरी ज्या आश्रमाने या कॅथलिक चित्रकाराला आसरा दिला, त्याच्या मुळाशी टिळकांची ओढ होती, असे मी म्हणेन. अँग्लिकन पंथाच्या छपराखाली एक गोवेकर कॅथलिक निवांत चित्रे काढतो, हेही त्या काळी सहज घडण्यासारखे नव्हते.

1951 साली आयव्ही मिनेझिस यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्या अनेक मरियांना आयव्हींचाच चेहरा लाभला. 1962 ते 65 या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि देशोदेशीच्या रीतिभातींना उपासनेत जागा असावी, हे चर्चने अधिकृतपणे मान्य केले. फोन्सेका तेच गेली तीस वर्षे कागदावर करत होते. 1967 च्या डिसेंबरात, नाताळ होऊन तीन दिवस झाले असताना, मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले.

आयव्हीबाईंनी चित्रे जपली आणि पुढे गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केली. सुट्टीत गोव्याला निघालेल्या नाशिककरांनी पर्वरीकडे वाट जरूर वाकडी करावी. आधी फोन करून चौकशी मात्र करा, कारण कागदावरचे जलरंग कायम उजेडात टांगून ठेवणे बरे नसते.