घरच्या जुन्या लाकडातून पहिला पाट

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी वस्त्यांत एखादे घर पाडले जाते, तेव्हा दारांच्या चौकटी, कपाटांच्या फळ्या, मोडक्या पलंगाच्या पट्ट्या अंगणात येऊन पडतात. भंगारवाला त्यातले वजनदार ते उचलतो. उरलेसुरले पाणी तापविण्याच्या बंबात जाते. सुतारकाम शिकू पाहणाऱ्या मुलासाठी या ढिगाऱ्याहून चांगली वखार नाही. नवे सागवान इतके महाग असते, की पहिला काप घेतानाच नवशिक्याचा हात थरथरतो. टाकाऊ फळीवर ही भीती राहत नाही.

तथापि ‘जुने ते सोने’ हे वचन लाकडाच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही. पण गाभ्याबाहेरचा फिकट भाग, ज्याला रसकाष्ठ म्हणतात, तो तितका टिकाऊ नसतो. फळीच्या कडेला बारीक छिद्रे असून त्यांतून ताजी भुकटी गळत असेल, तर आत कीड जिवंत आहे असे समजावे आणि ती फळी घरातल्या इतर लाकडाजवळ क्षणभरही ठेवू नये. चौकटीलाही प्रथम हात घालू नये. तीन इंच जाडीचे सागवान हाताने उभे चिरणे हे मुरलेल्या सुताराचाही घाम काढणारे काम आहे, आणि खिळ्यांच्या धास्तीने सॉ मिलवाला असले लाकूड सहसा घेत नाही. कपाटाची इंचभर जाडीची, बिनरंगाची फळी हीच आरंभाला योग्य.

‘बिनरंगाची’ हा शब्द पालकांनी विशेष लक्षात ठेवावा. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या तैलरंगात, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, हिरव्या छटांत, शिसे असण्याची शक्यता मोठी. असा रंग कोरड्या पॉलिश कागदाने घासला की त्याची धूळ घरभर पसरते, आणि शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. हे नुकसान भरून येत नाही. एका फळीसाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण नाही. जुन्या रंगाचे दार कितीही देखणे असले तरी मुलाच्या हाती देऊ नये. बिनरंगाच्या लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नसतो. काम उघड्यावर करावे आणि घासताना नाकातोंडावर चांगला मास्क असावा.

फळी निवडल्यावर तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे. सागात खिळा मुरला की त्याभोवती काळसर डाग उमटतो. डाग दिसला आणि खिळ्याचे डोके दिसले नाही, तर खिळा आत तुटला आहे असे मानावे. पकडीने निघतील ते खिळे काढावेत. जे निघणार नाहीत तो भाग सरळ कापून टाकावा. दोन इंच लाकूड वाचविण्याच्या हट्टापायी रंध्याच्या पात्याला खाच पडते, आणि मग सारा दिवस धार लावण्यात जातो.

हत्यारे थोडी पुरतात: करवत, रंधा, एक पटाशी, गुण्या, हातोडी, स्क्रू पिळण्याचा पेचकस आणि धार लावण्याचा दगड. यांतला दगड सर्वांत महत्त्वाचा. सागात सिलिका असल्याने पाते लवकर बोथट होते. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना निसटलेली पटाशीच हात कापते. हत्यारांची नावे मुलाने शेजारच्या सुताराकडूनच शिकावीत. मराठीतला रंधा हिंदीत रंदा होतो, गुजरातीत रंधोच राहतो. करवत बडोद्यात करवतच असते, इंदुरात मात्र आरी म्हणावी लागते. परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलाला भाषांचे नाते व्याकरणाच्या तासापेक्षा येथे लवकर उमगते.

पहिली वस्तू म्हणून पाट करावा. दीड फूट लांब, फूटभर रुंद फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, एवढाच त्याचा पसारा. परंतु लाकडाचा मूळ स्वभाव त्यात पुरता कळतो. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत जवळजवळ बदलत नाही. कपाटाचे खण श्रावणात अडकतात ते याचमुळे. पाटाच्या पट्ट्या फळीच्या रुंदीवर आडव्या येतात. त्या सरसाने चिकटवून पक्क्या केल्या, तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि एखाद्या वैशाखात ती मधोमध तडकते. म्हणून सरस लावू नये. प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू द्यावेत: मधला घट्ट; कडेचे दोन पट्टीतल्या लांबट भोकांतून, फळी सरकू शकेल इतके सैल.

रंधा तंतूंच्या दिशेने चालवावा. लाकूड खरबरीत उचकटू लागले की फळी फिरवून उलट बाजूने यावे. पाट गुळगुळीत झाल्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक वेळी पंधरा मिनिटांनी जास्तीचे तेल फडक्याने पुसून घ्यावे. ते फडके चुरगाळून कोपऱ्यात मुळीच टाकू नये: जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते, आणि घडीत कोंडलेल्या उष्णतेने फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते अंगणात दोरीवर मोकळे पसरून पूर्ण वाळवावे, किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावे.