हनन्याची दोन वर्षे आणि यिर्मयाची सत्तर



आपण मला या अध्यक्षपदाच्या आसनावर बसवलेत त्याबद्दल आभार मानतो आणि लगेच भांडणाला सुरुवात करतो. आपल्या घरांच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर, लग्नपत्रिकांवर आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांत एक वचन हमखास सापडते. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातले ११वे. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, असा त्याचा आशय. वचन खरेच आहे. पण त्याच्या मागचीपुढची वचने आपण गाळून टाकली आणि उरलेल्या एका ओळीवर आपला सगळा विश्वास उभा केला, असा माझा आरोप आहे. नोकरी लागेल, व्हिसा मिळेल, आजार जाईल, मुलीचे लग्न ठरेल; देवावर भरवसा ठेवायचा तो एवढ्यासाठी. विम्याचा हप्ता भरावा तसे आपण दशांश भरू लागलो आहोत आणि पॉलिसी कधी पिकते त्याची वाट पाहत आहोत.

आता तो अध्याय पुरा वाचू. ते एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या, घरदार गमावलेल्या लोकांना यिर्मयाने ते धाडले. त्यात तो सांगतो की परत येण्याची घाई करू नका. तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला कैद करून नेले त्याच नगराचे भले पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. का? सत्तर वर्षे लागणार आहेत म्हणून. म्हणजे ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांतले बहुतेक बाबेलच्या मातीतच जाणार होते. हिताच्या संकल्पाचे ते गोड वचन अशा माणसांना लिहिलेले आहे. त्याआधीचा २८वा अध्याय तर आपल्या सभांतून कोणी वाचतच नाही. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्या लोकांसमोर, बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू काढून मोडतो आणि घोषणा करतो: दोन वर्षांत सारे परत येईल, मंदिराची पात्रेसुद्धा! यिर्मया आधी काय म्हणतो हे लक्षात घ्या. तो म्हणतो, आमेन, देव तसे करो. त्यालाही ते हवेच होते. पण हवे असणे आणि देवाने सांगितलेले असणे यांत अंतर आहे, हे त्याला कळत होते. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. दोन वर्षे कोणाला आवडत नाहीत?

आज आपल्या मंडळ्यांत यिर्मया कमी आणि हनन्या फार झाले आहेत. चंगाई सभांचे फलक पाहा. त्यावर तारीख असते, वेळ असते, जणू देवाने तेवढ्यापुरती अपॉइंटमेंट दिली आहे. सभेत रोग गेल्याच्या साक्षी होतात. ज्यांचा रोग गेला नाही त्यांची साक्ष कोणी घेत नाही, उलट तुमचा विश्वास कमी पडला असे सांगून घरी पाठवतात. दुखणे आधीच होते, आता त्यावर अपराधही लादला. यावर आमचे काही पाळक विचारतील, प्रभूने आजारी बरे केले नाहीत काय? केले. पण मार्कच्या पहिल्याच अध्यायात कुष्ठरोग्याला बरे करून तो बजावतो की कोणाला सांगू नकोस, याजकाला जाऊन दाखव. फलक लावला नाही. शिवाय मत्तयाचा चौथा अध्याय आहेच. मंदिराच्या शिखरावर उभे करून, देवदूत तुला झेलतील, असे ९१व्या स्तोत्राचे आश्वासन येशूला कोणी ऐकवले? सैतानाने. शास्त्रभाग अचूक होता, वापर खोटा होता, आणि येशूने उडी मारायला नकार दिला. हेच स्तोत्र दारावर लावताना हा प्रसंगही आठवावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. शहरातल्या सुशिक्षितांना चंगाई सभेला हसणे सोपे आहे. ज्या गावात दवाखाना नाही, ज्या घरात औषधाला पैसा नाही, तो माणूस जाणार कुठे? हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच पूर्वसुरींनी देऊन ठेवले आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. तिथे प्रार्थनाही होत होती आणि शस्त्रक्रियाही होत होती, आणि या दोहोंत विरोध आहे असे कोणाला वाटले नाही. गरिबाला दवाखाना नाही, तर विश्वासाने दवाखाना बांधायचा असतो. मंडप घालून त्याच्या असहायतेवर अर्पण गोळा करणे हा विश्वास नव्हे.

मग कोणी म्हणेल, अध्यक्ष महाराज, तुम्ही विश्वासाचे समाजकार्य करून टाकले. एवढे तर नास्तिकही करतो. करतो, आणि चांगले करतो. म्हणूनच मी पंडिता रमाबाईंकडे वळतो, कारण त्यांना नुसत्या समाजसेविका म्हणणाऱ्यांना त्या पचत नाहीत आणि नुसत्या भक्त म्हणणाऱ्यांनाही पचत नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावची जमीन, विहिरी, पुढे छापखाना, माग, घाणा हे सारे त्यांच्या श्रद्धेचेच रूप होते. त्याच १८९७ साली पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे होते, म्हणून त्यांची लेखणी अडखळली नाही. आता माझे विरोधक आनंदाने सांगतील की रमाबाई प्रार्थनेने पैसा मिळतो असे मानत होत्या, १९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आध्यात्मिक जागरण झाले, मग त्या तुमच्या बाजूच्या कशा? ते सगळे खरे आहे. त्या मागत होत्या आणि मिळाले की देवाचे आभार मानत होत्या. पण कोणासाठी मागत होत्या ते पाहा. आणि न मिळाले तेव्हा काय केले तेही पाहा. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आपल्या हनन्यांच्या हिशेबाने हा विश्वासाचा पराभवच म्हणायचा. रमाबाई पुढच्याच वर्षी गेल्या, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेले आपले बायबलचे भाषांतर पूर्णत्वाला नेऊन. ते संपूर्ण छापून १९२४ साली बाहेर पडले. त्यांनी ते हातात घेतले नाही. सत्तर वर्षांचे पत्र ज्याने नीट वाचले आहे त्यालाच असे काम जमते. फळ आपल्या हयातीत पदरी पडलेच पाहिजे या अटीतून भरवसा माणसाला सोडवतो. विश्वास आणि निव्वळ कार्यक्षमता यांतला फरक मला तरी इथे दिसतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १९१७ सालचा निर्णयही याच जातीचा. बाप्तिस्मा होऊन बावीस वर्षे झाली होती, मिशनमध्ये मान होता, पगार होता. तो सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत. दोनच वर्षांत ते गेले. दरबार वाढला नाही. यशाच्या तराजूत घातला तर हा प्रयोग हलका भरेल. मला तो आपल्या मोठमोठ्या देवळांपेक्षा जड वाटतो, कारण परक्या पैशावर आणि परक्या मर्जीवर टेकलेला विश्वास त्यांनी नाकारला. आज परका मिशनरी गेला. त्याच्या खुर्चीवर आमचेच लोक बसले, आणि मंडळीच्या जमिनींचे दावे कोर्टात चालवू लागले. देवावर भरवसा आणि भावावर फिर्याद, असा हा कारभार आहे. जातीचे तर विचारूच नका. प्रभुभोजनाला एका मेजाभोवती बसतो आणि सोयरीक जुळवताना मूळ गाव आणि मूळ जात हळूच चाचपतो. ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने नाकारल्या, याविरुद्ध आपण ठराव करतो आणि तो करायलाच हवा. पण तो ठराव मांडणाऱ्याने आपल्या घरातल्या पत्रिका आधी तपासाव्यात.

शेवटचा आक्षेप मला या सभागृहात येण्याआधीच ऐकवला गेला आहे. समाज अल्पसंख्य आहे, अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे झाले आहेत, प्रार्थनासभांवर हल्ले होतात. अशा वेळी घरातले धुणे चव्हाट्यावर कशाला? ही भीती खोटी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी निवड झाली तेव्हाही केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झालाच. पण ते त्या पदापर्यंत पोचले कशाने? आपल्या समाजाची अब्रू झाकून नव्हे. त्यांनी वसईच्या पाण्यासाठी, हिरवाईसाठी लढा दिला, धमक्यांना भीक घातली नाही, आणि ‘सुबोध बायबल’ सगळ्या मराठी वाचकांच्या हाती दिले. नगराचे भले पाहा, हे वचन त्यांनी वसईत वाचले होते. विहिरीचे पाणी आटते तेव्हा ते ख्रिस्ती घरापुरते आटत नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटते की स्वकीयांवर टीका करणारा परक्यांच्या हाती कोलीत देतो, त्यांनी यिर्मयाचा ३८वा अध्याय काढावा. लोकांचे धैर्य खचवतो असा ठपका ठेवून त्याच्याच राष्ट्राच्या सरदारांनी त्याला चिखलाच्या टाक्यात सोडले होते. राजाकडे जाऊन त्याची रदबदली केली, काखेत दोर काचू नयेत म्हणून जुनी फडकी खाली सोडली आणि त्याला वर ओढून घेतले, ते एका परदेशी माणसाने, एबद-मलेख नावाच्या कूशी सेवकाने.